क्यूजीआयएस आणि क्यूफील्ड: गावाच्या पाणलोट आराखड्याला कुठवर पुरतात?

पाणलोटाचा आराखडा करायला घेतला की हल्ली पहिला प्रश्न येतो, सॉफ्टवेअर कोणते वापरायचे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते: क्यूजीआयएस. नकाशे करण्याचे हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर सारखेच चालते, शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. शिवारात फिरताना नोंदी घ्यायला त्याचे मोबाइलवरचे भावंड, क्यूफील्ड. साधारण ५०० हेक्टरचा सूक्ष्म पाणलोट, त्यात आलेली दोन-तीन गावांची शिवारे आणि शे-दोनशे लहानमोठी कामे एवढा पसारा धरून महाराष्ट्रातल्या कामासाठी या जोडीचे हे परीक्षण.

निकाल आधीच सांगायचा तर असा. पाणलोटाची हद्द, क्षेत्र आणि उतार काढण्यासाठी उत्तम, १० पैकी ८ गुण. झालेल्या कामांची देखरेख करण्यासाठी त्याहून सरस, ९ गुण. मात्र तयारी काम सुरू होण्याआधीची हवी. सलग समतल चराची, म्हणजे उतारावर एकाच पातळीत खोदायच्या चराची, आखणी करण्यासाठी १० पैकी २, आणि ते दोनही सढळ हाताने दिलेले.

आधी संगणकाचे बघू. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप एका पाणलोटाला पुरतो. सगळ्यात नवी आवृत्ती घेण्यापेक्षा दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती घ्यावी, कारण मधल्या आवृत्त्यांत प्लगिन मोडतात आणि ऐन आराखड्याच्या तारखेला बटण सापडत नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये दिसणारी ‘सागा’ (SAGA) या जोडसॉफ्टवेअरची साधने नव्या आवृत्त्यांत आयती मिळत नाहीत, वेगळे प्लगिन घालावे लागते. ‘ग्रास’ (GRASS) हे तसेच दुसरे जोडसॉफ्टवेअर सोबत येते आणि पाणलोटाला तेवढे पुरते. पण ग्रास फोल्डरच्या नावाबाबत फार नखरेल आहे. नावात मोकळी जागा असली किंवा देवनागरी अक्षरे असली की साधन लाल अक्षरांत चूक दाखवून थांबते आणि चूक दाखवणारा तो मजकूर खरे कारण सांगत नाही. कामाचा फोल्डर थेट डी ड्राइव्हवर, रोमन लिपीतल्या एका शब्दाच्या नावाने करावा. एवढे केले की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

पाणलोटाची हद्द

कच्चा माल म्हणजे उंचीचे रास्टर, डीईएम: जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एक उंची दिलेला नकाशा. फुकट मिळणाऱ्यांत एसआरटीएम, कोपर्निकसचे ग्लो-३० आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवरचे कार्टोडीईएम ही तीन कामाची. तिन्हींचा चौकोन साधारण ३० मीटरचा. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांच्या अंतराळफेरीत रडारने मोजलेले आहे, म्हणजे त्यानंतर बांधलेला पाझर तलाव, त्यानंतर झालेला रस्त्याचा भराव त्यात नाही. शिवाय त्यातली उंची पूर्ण मीटरमध्ये असल्याने सपाट काळ्या रानात जमीन पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ग्लो-३० त्यामानाने नवे आणि सपाट भागात जास्त गुळगुळीत. डोंगराळ भागात कोणतेही घ्या. मराठवाड्यातल्या सपाट पट्ट्यात ग्लो-३० घ्यावे.

डीईएम उतरवल्यावर तो अक्षांश-रेखांशात येतो. तसाच ठेवून उताराचे साधन चालवले की सगळा गाव ८९ अंशांचा कडा दिसतो, कारण आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये. आधी मीटरच्या प्रक्षेपणात न्यावा. यूटीएम प्रक्षेपणाचे पट्टे ईपीएसजी क्रमांकाने निवडायचे असतात: ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ३२६४३ (४३ वा पट्टा), पूर्वेला ३२६४४ (४४ वा). म्हणजे कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि बहुतेक मराठवाडा ४३ व्या पट्ट्यात. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या. यवतमाळ जिल्ह्यातून मात्र ही रेषाच जाते. तिथे तालुका पाहून एकच पट्टा ठरवावा आणि शेवटपर्यंत तोच धरावा.

प्रक्षेपण बदलताना एक खटका हमखास चुकतो. पुनर्नमुन्याची (रिसॅम्पलिंगची) पद्धत आपोआप ‘जवळचा शेजारी’ अशी असते. त्याने डीईएमवर आडव्याउभ्या पट्ट्या उमटतात आणि पुढे ओढे त्या पट्ट्यांतून सरळ रेषेत धावतात. तिथे ‘बायलिनिअर’ निवडावे.

मग डीईएम कापणे. गावाच्या हद्दीवर कात्री चालवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तिथेच आराखडा बिघडतो. वरच्या गावातून येणारा ओढा कापला गेला की खालच्या नाल्याचे क्षेत्र ४०० हेक्टरऐवजी ९० निघते आणि त्यावर बेतलेला सिमेंट बंधारा पहिल्याच मोठ्या पुरात बगलेने फुटतो. हद्दीबाहेर दोन-तीन किलोमीटर सोडून कापावे. ग्रासचे आर.वॉटरशेड हे साधन इथे एक इशाराही देते: ज्या चौकोनात नकाशाबाहेरून पाणी येण्याची शक्यता आहे, तिथे ते प्रवाहसंचयाचा, म्हणजे वरून किती चौकोनांचे पाणी येते त्याचा, आकडा ऋण दाखवते. आपल्या मुख्य नाल्यावर उणे आकडे दिसले तर डीईएम तोकडा कापला आहे असे समजून पुन्हा मागे जावे. ही खूण माहीत नसलेले लोक तो बिघाड समजून निरपेक्ष मूल्य घेतात आणि पुढे जातात.

आर.वॉटरशेडची दुसरी सोय अशी की त्याला आधी खड्डे भरून द्यावे लागत नाहीत, त्याची पद्धत खड्ड्यातून वाट काढते. बाकी बहुतेक साधनांना भरलेला डीईएम लागतो. त्यात एकच खरा निर्णय घ्यायचा असतो, किमान पाणलोटाचा आकार, आणि तो हेक्टरमध्ये नाही, चौकोनांत द्यायचा असतो. ३० मीटरचा एक चौकोन म्हणजे ०.०९ हेक्टर. १०० दिले तर ९ हेक्टरांवरून ओघळी सुरू होतात, ५०० दिले तर ४५ हेक्टरांवरून नाले. माथ्यावरच्या ओघळ नियंत्रणासाठी पहिला नकाशा, बंधाऱ्यांच्या जागांसाठी दुसरा. दोन्ही वेगळे काढून ठेवावेत.

बंधाऱ्याच्या जागेवरचा पाणलोट काढण्यासाठी आर.वॉटर.आउटलेट. त्याला बिंदू देताना मोबाइलवर घेतलेला बिंदू तसाच दिला तर अनेकदा आख्ख्या पाणलोटाचे क्षेत्र अर्धा हेक्टर निघते. कारण बिंदू नाल्याच्या चौकोनाशेजारच्या चौकोनात पडलेला असतो. प्रवाहसंचयाचा नकाशा खाली ठेवून बिंदू गडद रेषेवर सरकवावा आणि मगच साधन चालवावे.

एवढे झाल्यावर निघालेली हद्द भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर आणि उपग्रह चित्रावर टाकून पाहावी. जलविभाजक टेकडीच्या धारेवरून जातो का, नाले खऱ्या नाल्यांत बसतात का? डोंगराळ भागात सहसा बसतात. सपाट भागात २००-३०० मीटर भरकटलेले दिसतील. रस्त्याच्या आणि कालव्याच्या भरावापाशी तर हमखास, कारण डीईएमला भराव दिसतो, त्याखालची मोरी दिसत नाही. अशा ठिकाणी चित्रावरून नाला हाताने काढून घ्यावा. यंत्राने काढला म्हणून तो बरोबर, ही अंधश्रद्धाच.

उताराच्या नकाशात अजून एक घोळ होतो. साधन उतार अंशांत देते, पाणलोटाचे सगळे निकष टक्क्यांत असतात. ८ अंश म्हणजे १४ टक्के. अंश टक्के समजून वाचले तर जिथे चर हवेत तिथे बांधबंदिस्ती लिहिली जाते. क्यूजीआयएससोबत येणाऱ्या जीडीएएलच्या उताराच्या साधनात टक्क्यांत काढण्याची खूण आहे, तीच करावी.

चराची आखणी: इथे थांबायचे

क्यूजीआयएसमध्ये एक बटण दाबून १ मीटर अंतराच्या समपातळी रेषा काढता येतात. नकाशा इतका देखणा निघतो की तो सरळ जेसीबीवाल्याच्या हातात द्यावासा वाटतो. देऊ नये. ५ टक्के उतारावर ३० मीटरच्या एका चौकोनाच्या दोन टोकांत १.५ मीटरचा फरक असतो आणि त्या चौकोनाला उंची एकच मिळालेली असते. त्यातून काढलेली १ मीटरची रेषा म्हणजे दोन आकड्यांच्या मधल्या अंदाजाची रेषा. डीईएमची उंचीची चूक काही मीटरची असते. चराला काही सेंटिमीटरचीच चूक सहन होते. ५० मीटर लांबीच्या चरात २० सेंटिमीटरचा फरक पडला, तर पाणी खालच्या टोकाला गोळा होते, तिथली वरंबी फुटते आणि चराचीच नवी ओघळ होते.

समपातळी शिवारातच धरायची. हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने जोडलेल्या दोन काठ्या) असेल तर नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, हे दर वेळी पाहावे. बुडबुडा असला की दोन्ही काठ्यांवरचे आकडे बिनधास्त खोटे बोलतात. ए-फ्रेम (ओळंबा लावलेली ए आकाराची लाकडी चौकट) असेल तर सकाळी पायांची अदलाबदल करून ओळंब्याची मधली खूण तपासावी. लांब रेषेला डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण. क्यूजीआयएसचा यात वाटा एवढाच की कोणत्या गटात, किती हेक्टरांवर, कोणत्या उतारवर्गात चर घ्यायचे हे आधी ठरवून देणे आणि आखणी झाल्यावर प्रत्यक्ष रेषा क्यूफील्डमध्ये चालत जाऊन नोंदवून घेणे.

पाण्याचा हिशेब

इथे क्यूजीआयएस फक्त क्षेत्रे पुरवते: कोणत्या मातीवर, कोणत्या वापराखाली, किती हेक्टर. पुढचा हिशेब त्यातच करण्याचा अट्टहास काही जण करतात. एक्सेलमध्ये तो सोपा आणि तपासायला सोयीचा.

वक्र-क्रमांकाच्या (कर्व्ह नंबरच्या) पद्धतीने एक उदाहरण पाहू. माती आणि जमिनीचा वापर यांवरून हा क्रमांक ठरतो आणि त्यातून अपधाव, म्हणजे न मुरता वाहून जाणारे पाणी, निघते. एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस, वक्र-क्रमांक ८०. साठवण क्षमता एस = २५४०० ÷ ८० − २५४ = ६३.५. अपधाव = (६० − ०.२ × ६३.५)² ÷ (६० + ०.८ × ६३.५), म्हणजे सुमारे २० मिलिमीटर. ४० हेक्टरांवरून ८,००० घनमीटर, आपल्या भाषेत ८ टीसीएम. आता वक्र-क्रमांक ८० ऐवजी ७० धरा. अपधाव १० मिलिमीटरवर येतो, थेट निम्मा. म्हणजे नकाशात पडीक माळ आणि झुडपी जंगल यांची सरमिसळ झाली तर बंधाऱ्यांची संख्या दुपटीने चुकू शकते. भूवापराचा थर चित्रावरून रंगवून मोकळे होण्यापेक्षा शिवारफेरीत तपासायचा तो यासाठी. सूत्रातला ०.२ हाही दगडावरची रेघ नाही. भारतात काळ्या मातीला, ती ओली असताना, ०.१ आणि इतर परिस्थितीत ०.३ धरण्याची पद्धत रूढ आहे. वरच्याच उदाहरणात ०.१ धरून सूत्र नीट मांडले, तर २० चे जवळपास २५ मिलिमीटर होतात.

हा हिशेब रोजच्या पावसावर करायचा. वर्षाचे ६०० मिलिमीटर एकदम सूत्रात घातले की अपधाव अवाच्या सवा येतो. ६०० ला पावसाच्या दिवसांनी भागून सरासरी घातली की जवळजवळ शून्य येतो. दोन्ही चुका छापील आराखड्यांत सर्रास सापडतात.

मग समोर साठवण मांडावी. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर धावत्या मीटरला ०.१८ घनमीटर पाणी धरतो. हेक्टरी ५०० मीटर चर म्हणजे ९० घनमीटर, एका भरीला ९ मिलिमीटर. वरच्या २० मिलिमीटरपैकी जवळपास निम्मे माथ्यावरच अडले. खालच्या बंधाऱ्याला उरलेलेच पाणी मिळणार, हे लक्षात न घेता प्रत्येक कामाची क्षमता स्वतंत्र मोजली की माथा ते पायथा हे सूत्र कागदावर राहते आणि पायथ्याचे बंधारे कोरडे. तक्ता असा ठेवावा की प्रत्येक कामाच्या ओळीत त्याच्या वरच्या कामांची साठवण आपोआप वजा होईल. क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक कामाचा पाणलोट बहुभुज काढलेला असला की कोणते काम कोणाच्या वर, हे बहुभुज एकमेकांवर टाकून एका क्रियेत कळते. ही सोय मात्र हातकामात नाही आणि तिच्यासाठी सॉफ्टवेअर शिकणे वसूल होते.

सांडव्यासाठी पुराचा कमाल विसर्ग लागतो. लहान पाणलोटाला साधे सूत्र पुरते: विसर्ग = सी (अपधावाचा गुणांक) × आय (पावसाची तीव्रता) × ए (क्षेत्र) ÷ ३६०. ४० हेक्टर, गुणांक ०.४, तीव्रता ताशी ७५ मिलिमीटर धरली तर ३.३ घनमीटर प्रतिसेकंद. क्षेत्र क्यूजीआयएसमधून बिनधास्त घ्यावे. नाल्याचा छेद मात्र दोरी आणि लेव्हल लावून जागेवर मोजावा. ३० मीटरच्या चौकोनात ६ मीटरचा नाला दिसणे शक्यच नाही.

गावनकाशा बसवणे

कामे गट नंबरनिहाय मंजूर होतात, म्हणून स्कॅन केलेला गावनकाशा उपग्रह चित्रावर बसवावा लागतो. जिओरेफरन्सर हे साधन त्यासाठी आहे, आणि ते चांगले आहे. निदान ८-१० बिंदू घ्यावेत, नकाशाभर पसरलेले: तीन गावांच्या शिवा मिळतात ते दगड, जुन्या रस्त्यांचे तिठे, नाल्यांचे संगम. गावठाणातच सगळे बिंदू घेतले तर कडेचे गट ५० मीटर सरकतात.

पद्धत निवडताना आधी पहिल्या घाताची बहुपदी घ्यावी आणि उरलेली चूक पाहावी. एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांपेक्षा तिप्पट-चौपट असेल तर तो बिंदूच चुकीचा दगड आहे. पुष्कळजण थेट ‘थिन प्लेट स्प्लाइन’ घेतात, कारण त्यात चूक शून्य दिसते. ती शून्य दिसणारच. ती पद्धत नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदूवर बसवते, चुकीच्या बिंदूवरसुद्धा. चुकीचे बिंदू गाळून झाल्यावर शेवटी ती वापरायला हरकत नाही. आणि इतके करूनही हा नकाशा मोजणीचा पुरावा नाही. बांधावरचे काम कोणाच्या गटात, हा वाद त्यावर सोडवायला बसू नये.

क्यूफील्ड आणि कामांची नोंद

क्यूफील्डची खरी ताकद फॉर्ममध्ये आहे. डेस्कटॉपवर थर तयार करताना रकान्यांना यादी, बंधने, आपोआप येणारी तारीख हे सगळे लावता येते आणि मोबाइलवर नेट नसतानाही तेच दिसते. पाणलोटाच्या कामाला शासकीय भू-टॅगिंग लागतेच. भुवनचे सृष्टी पोर्टल आणि दृष्टी अॅप त्यासाठीच निघाले. पण तिथला एक फोटो आणि एक बिंदू ‘काम झाले’ एवढे सांगतो. काम चालते का, हे गावाला स्वतःच नोंदवायचे असते.

म्हणून फॉर्ममध्ये ‘स्थिती: चांगली/वाईट’ असा रकाना ठेवू नये. बिघाडाचा प्रकार निवडायला द्यावा. चरासाठी: गाळाने भरला, वरंबी फुटली, एका टोकाला पाणी साचते. अनगड दगडी बांधासाठी: मधला भाग कडेपेक्षा उंच राहिल्याने पाणी बगलेने वळले, दगड वाहिले, वरच्या अंगाला गाळ माथ्यापर्यंत आला. माती नाला बांधासाठी: सांडव्याचा तळ खचला, भरावावर उंदरांची बिळे, पायथ्याला पाझर. सिमेंट बंधाऱ्यासाठी: खालच्या अंगाला खरवड, पाख्यामागे पोकळी, बुडातून गळती. कोल्हापुरी बंधाऱ्यासाठी आणखी एक: फळ्या वेळेत टाकल्या का? दुरुस्तीचा खर्च आणि तातडी या यादीतूनच ठरते. बगलेने वळलेले पाणी पुढच्या पावसापर्यंत थांबत नाही, गाळ मात्र एक हंगाम थांबू शकतो.

फेऱ्या चार पुरेत. मे महिन्यात मापे घेऊन, पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, ऑक्टोबरात पाणी असताना, आणि फेब्रुवारीत पाणी किती टिकले हे पाहायला. दुसरी फेरी सर्वांत महत्त्वाची आणि तीच सर्वांत जास्त चुकवली जाते, कारण चिखल असतो. फोटो दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने, शेजारी मोजपट्टी किंवा खुणेची काठी धरून.

मोबाइलच्या जीपीएसची चूक उघड्या माळावर ३-५ मीटर, खोल नाल्यात किंवा झाडीत १० मीटरच्या पुढे. क्यूफील्डमध्ये अचूकतेची मर्यादा घालण्याची आणि अनेक वाचनांची सरासरी काढण्याची सोय आहे. बंधाऱ्यांना दोन्ही वापराव्यात.

आता दोष. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत क्यूफील्डचा डेटा अॅपच्या स्वतःच्या फोल्डरात राहतो. अॅप काढून टाकले की डेटाही जातो. फोन अडखळतो म्हणून अॅप काढून पुन्हा टाकणारा एक जण प्रत्येक चमूत असतोच. रोज संध्याकाळी लॅपटॉपवर उतरवणे हा एकच उपाय. दुसरे, दोन माणसांनी दोन फोनवर तोच थर भरला की क्रमांक एकमेकांवर आदळतात. ओळखक्रमांकाच्या रकान्यात आपोआप येणारे मूल्य म्हणून यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशीही न जुळणारा लांबलचक क्रमांक, लावावा. काम क्रमांक १, २, ३ हा वेगळा रकाना, आणि तो कधीच बदलायचा नाही, काम रद्द झाले तरी.

देवनागरीचे काही खास त्रास आहेत. शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव १० अक्षरांत आखडते आणि मराठी मजकुराचे प्रश्नचिन्ह होते. सगळे जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारात ठेवावे. सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की मराठीचा कचरा दिसतो. ती आयात करताना यूटीएफ-८ निवडून आणावी. लांबीचा रकाना मजकुराचा ठेवला तर कोणी ४५ देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजी अंकांत, कोणी ‘४५ मी.’ असे, आणि बेरीज होत नाही. आकड्यांचे रकाने आकड्यांच्याच प्रकारचे ठेवावेत. नकाशाची पीडीएफ काढताना मजकूर आकृती म्हणून काढण्याचा पर्याय ठेवला तर जोडाक्षरे फुटत नाहीत.

परिणाम मोजणे

हिरवाई वाढली का, हे पाहायला सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रे: १० मीटरचा चौकोन, दर ५ दिवसांनी, फुकट. हिरवाईचा निर्देशांक, एनडीव्हीआय, म्हणजे (बी८ − बी४) ÷ (बी८ + बी४), त्यात बी८ हा अवरक्त पट्टा आणि बी४ लाल; रास्टर गणकात एका ओळीचे काम. जून ते सप्टेंबरची चित्रे ढगांमुळे बहुधा वाया. जानेवारी-फेब्रुवारी रब्बीसाठी आणि एप्रिल बारमाही सिंचनासाठी, हे दोन काळ पुरतात.

इथला सापळा मोठा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून या चित्रांच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. लाल पट्ट्याचे परावर्तन ०.०५ आणि अवरक्ताचे ०.३० असेल तर जुन्या चित्रात आकडे ५०० आणि ३०००, एनडीव्हीआय ०.७१. नव्या चित्रात तेच शेत १५०० आणि ४००० दाखवते, आणि वजाबाकी न करता काढलेला एनडीव्हीआय ०.४५. म्हणजे काहीही न बदलता निम्मे गाव उजाड झाल्यासारखे दिसते. त्यात भर म्हणजे काही जुनी चित्रेही आता नव्या पद्धतीने पुन्हा तयार करून ठेवली आहेत. म्हणून तारखेवर विसंबू नये, प्रत्येक चित्राच्या माहितीफाइलमध्ये प्रक्रियेची आवृत्ती पाहावी: ०४.०० किंवा पुढची असेल तर आधी १००० वजा.

आकडे बरोबर आले तरी श्रेय कोणाचे, हा प्रश्न उरतो. चांगल्या पावसाच्या वर्षाची दुष्काळी वर्षाशी तुलना केली की प्रत्येक प्रकल्प यशस्वी ठरतो. शेजारचा, तशाच उताराचा आणि मातीचा, काम न झालेला एक पाणलोट पहिल्या दिवशीच निवडून ठेवावा आणि दोन्हींतल्या बदलांचा फरक पाहावा. पाऊस गावातल्याच मापकाचा, रोज सकाळी ८.३० ला वाचलेला. मंडळाचा मापक १२ किलोमीटरवर असतो आणि वळवाचा पाऊस शिवेवर थांबतो. एप्रिलमधली हिरवाई ऊस, फळबाग, कालवा आणि नव्या बोअरची असू शकते. नाल्यातली तर विलायती बाभळीची. २०-३० शेते पायी पाहिल्याशिवाय एनडीव्हीआयची सीमारेषा ठरवूच नये.

विहिरींची पातळी हा जास्त भरवशाचा पुरावा. माथा, मध्य, पायथा मिळून ८-१० विहिरी कायम ठेवाव्यात, काठावर रंगाने खूण करून तिथूनच मोजावे, आणि पहाटे मोटार सुरू होण्याआधी. बेसाल्टात पाणी धरण्याची जागा २ टक्क्यांच्या आसपास असते. १०० हेक्टरांवर पातळी १ मीटर वाढली म्हणजे जमिनीत २० टीसीएम साठले, पावसाच्या मापात २० मिलिमीटर. बंधाऱ्याला खेटून असलेल्या एका विहिरीत ५ मीटर वाढ दिसली, तर ती गावभर ताणू नये. क्यूजीआयएस ८ विहिरींच्या आकड्यांतून निळ्या-लाल छटांचा अखंड पृष्ठभाग एका मिनिटात काढून देते. विहिरींभोवती गोल वलये उमटलेला तो नकाशा अहवालात छान दिसतो, पण मांजऱ्या खडक आणि डाइक (खडकात उभ्या घुसलेल्या दगडी भिंती) यांच्या आड पाणी कसे अडते, याचा त्याला पत्ता नसतो. बिंदूंवर आकडे छापावेत, तेवढे पुरे.

कोणी घ्यावे? ज्या चमूत आठवडाभर बसून शिकणारा आणि पुढची तीन वर्षे टिकणारा एक माणूस आहे, त्यांनी बिनदिक्कत. एकदाच आराखडा करून सोडून द्यायचा असेल तर गूगल अर्थ प्रो, छापील १:५०,००० चा नकाशा आणि शिवारफेरी यांत काम भागते. गूगल अर्थमधली जुन्या तारखांची चित्रे तर नाला कसा सरकला हे क्यूजीआयएसपेक्षा लवकर दाखवतात. पाणलोटाची हद्द आणि क्षेत्र मात्र त्यात आपोआप निघत नाही.

शेवटची एक तांत्रिक गोष्ट, कारण प्रकल्प संपल्यावर डेटा इथेच अडतो. प्रोजेक्ट फाइल थरांचे पत्ते सापेक्ष ठेवते, पण डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर तो पत्ता तुटतो आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावर ‘थर सापडत नाही’ एवढेच दिसते. डीईएम, गावनकाशा, जिओपॅकेज, फोटो आणि प्रोजेक्ट फाइल एकाच फोल्डरात ठेवून तो आख्खा फोल्डर द्यावा, आणि देण्याआधी दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर उघडून पाहावा.